आई ओ, बाप ओ, मुलगी बी: एका रक्तगटाचं प्रकरण

रक्तपेढीत मागणी आली ती रोजच्यासारखीच. वय 27, दुसरं बाळंतपण, 35वा आठवडा, पहिलं सिझेरियन, हिमोग्लोबिन 6.8. ‘ओ पॉझिटिव्ह, पॅक्ड सेल (नुसत्या तांबड्या पेशी), 2 पिशव्या.’ फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या तेरा पिशव्या होत्या, त्यामुळे कुणी मान वर करून बघायचंही कारण नव्हतं. तासाभराने रात्रपाळीच्या तंत्रज्ञ मुलाचा मला घरी फोन आला. “मॅडम, सहा पिशव्या क्रॉसमॅचला लावल्या. सहाही इनकम्पॅटिबल, फोर प्लस.”

क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, आणि पिशवीतल्या पेशी एकत्र करून जुळतात का ते बघणं. फोर प्लस म्हणजे टेस्ट ट्यूब हलवली तरी तळातला लाल गोळा फुटत नाही, अख्खाच्या अख्खा वर येतो. एखादी पिशवी जुळली नाही तर नवल नाही. सहाच्या सहा एकसारख्या जोराने जुळत नाहीत, तेव्हा दोष पिशव्यांत नसतो.

(हे कुटुंब दक्षिण महाराष्ट्रातलं. त्यांची संमती घेऊन लिहिते आहे. नावं घालत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी पोचले तोवर त्याने नवा नमुना घेऊन सगळं पुन्हा लावलं होतं. मुलगा नवा, पण हात स्वच्छ. फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये, म्हणजे बाईंच्या पेशींवर आपली औषधं टाकून बघतो त्यात, अँटी-ए शून्य, अँटी-बी शून्य, अँटी-डी फोर प्लस. इथवर सरळ ओ पॉझिटिव्ह. रिव्हर्समध्ये बाईंचं सीरम आणि आपल्याकडच्या माहितीतल्या पेशी: ए पेशी फोर प्लस, बी पेशी फोर प्लस. हेही ओ माणसाचंच लक्षण. पण शेवटच्या ट्यूबमध्ये ओ पेशी होत्या, आणि त्याही फोर प्लस. ओ माणसाच्या सीरमने ओ पेशींच्या गुठळ्या करायला नकोत. बाईंचं सीरम आणि बाईंच्याच पेशी एकत्र केल्या, तर मात्र काहीच झालं नाही. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह.

या शेवटच्या ट्यूबवर सगळं फिरलं. थंडीत काम करणारी अँटिबॉडी किंवा स्वतःच्याच पेशींवर उठलेलं सीरम असतं, तर ऑटो कंट्रोलही बोलला असता. इथे सीरम जगातल्या सगळ्यांशी भांडत होतं, फक्त मालकिणीशी नाही. आधी रक्त दिल्यामुळे तयार झालेली एखादी अँटिबॉडी असावी म्हणून मुलाने अकरा पेशींचं पॅनेलही लावलं होतं. अकराही पॉझिटिव्ह. पॅनेलच्या पेशी सगळ्या ओ गटाच्याच असतात, तेव्हा ते तसंच होणार होतं. शिवाय बाईंना आयुष्यात कधी रक्त दिलेलंच नव्हतं.

मग फ्रीजच्या दारातली छोटी बाटली काढली: अँटी-एच लेक्टिन. युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा हा अर्क. कुठल्याही ओ माणसाच्या पेशींवर थेंब पडला की क्षणात गुठळी. शेजारी माझंच रक्त कंट्रोल म्हणून ठेवलं, मी ओ आहे. माझी ट्यूब फोर प्लस. बाईंच्या पेशी गुळगुळीत, एकसंध, जशा टाकल्या तशाच.

“सर, बॉम्बे रक्तगट,” मी वॉर्डातल्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं. “एकही पिशवी चढवू नका. ओ तर नकोच.”

हे ‘ओ तर नकोच’ समजायला रक्तगट मुळात काय असतो ते बघावं लागतं. तांबड्या पेशीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर जोडली गेली की त्याला एच म्हणतात. हे जोडकाम करणारं एन्झाइम 19व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी1 या जनुकाकडून येतं. त्यानंतर 9व्या गुणसूत्रावरच्या एबीओ जनुकाची पाळी. त्याचा ए प्रकार त्या एचवर एक साखर चढवतो, बी प्रकार दुसरी चढवतो, आणि ओ प्रकाराचं एन्झाइम निकामी असल्याने एच तसाच उघडा राहतो. म्हणजे ओ गटाच्या पेशीवर काहीच नसतं हा समज चुकीचा. तिच्यावर एच असतो, आणि सगळ्या गटांत सर्वांत जास्त तिच्यावरच असतो.

एफयूटी1च्या दोन्ही प्रती निकामी असतील तर पेशीवर एच तयारच होत नाही. बॉम्बे गटाचं मूळ हेच. एच नाही तर ए-बीची साखर चढवायला जागा नाही. ए किंवा बीचं जनुक शाबूत असतं, त्याचं एन्झाइमही तयार होतं, सीरममध्ये सापडतंसुद्धा. कारागीर हत्यारं घेऊन हजर, माल आलेलाच नाही. अशा माणसाला एच हा परका पदार्थ, म्हणून त्याच्या सीरममध्ये जन्मतःच अँटी-एचची तयारी असते. ही अँटी-एच शरीराच्या तापमानालाही जोरात काम करते आणि पेशी फोडते. ‘ओ सगळ्यांना चालतं’ हे वाक्य इथे उलटं होतं. ओच्या पिशवीत सर्वांत जास्त एच, म्हणून तीच सर्वांत घातक.

एका जनुकाने दुसऱ्या, पार वेगळ्या जागच्या जनुकाचा परिणाम झाकून टाकायचा, याला एपिस्टॅसिस म्हणतात. हा शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम बेटसन यांनी रूढ केला. शाळेत शिकलेल्या प्रभावी-अप्रभावीशी याची गल्लत होते, आणि ती पदवीपर्यंत टिकते असा माझा अनुभव आहे. ए जनुक ओला झाकतं ती घरातल्या घरातली गोष्ट, एकाच जागेच्या दोन प्रतींमधली. इथे 19व्या गुणसूत्रावरचा माणूस 9व्या गुणसूत्रावरच्या माणसाचं तोंड बंद करतो. दोघेही पालक एबी असतील आणि दोघांकडेही एचची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर दर सोळा मुलांत अपेक्षा 3 ए, 6 एबी, 3 बी, आणि चार अशी की ती कार्डावर ‘ओ’ दिसतील. एबी आई-बापांना ओ मूल! नेहमीच्या तक्त्यात ही रांगच नाही.

या गटाला बॉम्बे नाव पडलं कारण तो मुंबईतच सापडला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची पहिली नोंद छापली. सहलेखकांत मुंबईचे देशपांडे आणि भाटिया होते, तसे लंडनचे रेस आणि सँगरही होते. त्यातून एक वेगळं रक्त हाती आलं. पण ते जनुकांचं झाकणं आहे हे ठसलं 1955 मध्ये, अमेरिकेतल्या एका इटालियन वंशाच्या कुटुंबामुळे. फिलिप लेव्हिन यांच्या चमूपुढे आलेली बाई वरवर ओ, नवरा ए, आणि अपत्य एबी. बी आला कुठून? आईकडूनच. तिच्या पेशीवर तो दिसत नव्हता एवढंच.

आमच्याकडेही प्रश्न नेमका तोच निघाला. तो विचारला गेला दुसऱ्या दिवशी सकाळी, रक्तपेढीबाहेरच्या बाकावर.

मी नवऱ्याला बोलावलं होतं ते बाईंच्या माहेरची माहिती घ्यायला. तो ऐकत होता, पण खिशातल्या पाकिटाशी चाळा चालला होता. शेवटी त्याने पाकिटातून लॅमिनेट केलेलं एक कार्ड काढलं. पोरीच्या शाळेतल्या आरोग्य तपासणीचं. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

“मॅडम, माझा ओ. हिचा ओ. पोरीचा बी. तीन ठिकाणी तपासला, तीन्ही ठिकाणी बीच आला.” मग आवाज खाली आणून, “एका लॅबवाल्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. म्हणाला, ओ-ओला बी होत नाही, तुमचं तुम्ही बघा.”

तो तक्ता मला पाठ आहे. कितीतरी लॅबच्या भिंतीवर असतो. चुकीचा नाही, पण त्याखाली एक ओळ छापायची राहिली आहे: हे सगळं एच असेल तर. त्या एका न छापलेल्या ओळीपायी या घरात दोन वर्षं काय चाललं असेल, ते त्याच्या शेजारी बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. डीएनए तपासणीची चौकशी करून झाली होती असं नवरा पुढे म्हणाला. खर्च ऐकून राहिलं. आणि हे सगळं त्या बाईंना ठाऊक होतं.

मी त्याचा स्वतःचा गट आधी पक्का केला. पेशी लेक्टिनला फोर प्लस, खरा ओ. मग मागणीपत्राच्या पाठकोऱ्या बाजूला साखळ्या काढायला घेतल्या, पण दोन मिनिटांत लक्षात आलं की कागद फक्त मीच बघते आहे. समोर भिंतीला लाकडी पट्टी होती आणि तिच्यावर आमचे एप्रन टांगलेले होते. एक एप्रन काढला.

“आजी, हा एप्रन म्हणजे बी. आणि ही खुंटी म्हणजे एच. एप्रन टांगलेला दिसला की आम्ही लिहितो, बी आहे. आता खुंटीच नसेल तर?”

“तर खाली पडंल.”

“खाली पडला, पेटीत गेला. बाहेरून बघणाऱ्याला भिंत रिकामी. तो लिहिणार ओ. तुमच्या सुनेचं हेच झालंय. बी तिच्याकडे आहे, खुंटी नाही. तिनं पोरीला बी दिला. तुमच्या लेकानं पोरीला खुंटी दिली. पोरीच्या अंगात दोन्ही एकत्र आले, एप्रन टांगला गेला.”

सासूबाई बराच वेळ त्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे कापड हाय, खुंटी न्हाई.” आणि लेकाकडे वळून, “बघ की रं.”

एवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही, निदान माझ्यासमोर नाही. दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा त्या सुनेला पेज भरवत होत्या. याचा अर्थ काय लावायचा तो मी लावत नाही.

तरी खुंटीवर विसंबून अहवाल लिहिता येत नाही. नमुने मुंबईला गेले, परळला केईएमच्या आवारात असलेल्या एनआयआयएच या संदर्भ संस्थेत. तिथून पक्कं झालं: बॉम्बे, आरएच पॉझिटिव्ह. एफयूटी1च्या दोन्ही प्रतींत तोच बदल, जो भारतातल्या बॉम्बे लोकांत नेहमी आढळतो. जनुकातल्या 725व्या अक्षराच्या जागी टीऐवजी जी, त्यामुळे एन्झाइममधल्या 242व्या जागेवर ल्युसिन जाऊन आर्जिनिन आलेलं. एबीओला बी आणि ओ, एकेक प्रत. मुलीचा बी आईचाच.

लाळेचीही गोष्ट इथेच सांगते. 19व्याच गुणसूत्रावर एफयूटी1च्या शेजारी एफयूटी2 आहे. ते लाळेत आणि इतर स्रावांत एच तयार करतं. ते चालू असून एफयूटी1 बंद असेल तर पेशी जवळजवळ कोऱ्या पण लाळेत ए, बी, एच सगळं सापडतं. त्याला पॅरा-बॉम्बे म्हणतात. म्हणजे झाकणाऱ्या जनुकाचाही परिणाम तिसरं जनुक थोडा बदलून टाकतं. आम्ही बाईंची लाळ गोळा केली, ट्यूब उकळत्या पाण्यात धरून एन्झाइमं मारली आणि तपासली. काही नाही. भारतीय बॉम्बे प्रकारात एफयूटी2चा तुकडाच गळलेला असतो, त्याला हे धरून होतं.

आता रक्त कुठून आणायचं?

भारतात बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एक धरला जातो, युरोपात दहा लाखांत एक. दहा हजारांत एक म्हणजे बिघडलेली प्रत शंभरांत एक, आणि ती एकेरी वाहणारे लोक पन्नासात एक. वाहकांना काही होत नाही, त्यांना पत्ताही नसतो. सगळा फरक पडतो दोन वाहक एकत्र येण्याने. ते कुठे एकत्र येतात हे आमच्या भागात विचारावं लागत नाही, तरी विचारलं.

बाईंचे वडील गावाहून आले होते. “आमच्यात मामाची पोरगी करत्यात,” ते म्हणाले. “हिची आई माझ्या मामाची. ती माझ्या आईला शेवटपर्यंत आत्याच म्हणायची.” बाईंची वडिलांकडची आजी आणि आईकडचे आजोबा सख्खी भावंडं. त्यांच्या आई-बापांपैकी एकाकडे एचची एक बिघडलेली प्रत असणार. ती दोन वाटांनी खाली उतरली आणि या बाईंच्यात येऊन भेटली. एका वाहक पूर्वजाकडून असं घडायची शक्यता 64त एक. लोकसंख्येच्या पातळीवर हिशेब केला तर सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलांत बॉम्बेची शक्यता इतरांपेक्षा सुमारे सातपट निघते. तरीही हजारात एकापेक्षा कमीच. नात्यातल्या लग्नावर भाषण ठोकायला हे उदाहरण मी वापरणार नाही. त्यासाठी थॅलेसेमिया पुरेसा आहे.

मला त्या क्षणी वेगळाच आकडा हवा होता. आई-वडील दोघे वाहक ठरले, म्हणजे बाईंच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता. दहा हजारांत एक शोधत बसण्यापेक्षा चारात एकाच्या दारावर आधी जायचं. भाऊ दोन. धाकटा गावातच होता, तो बी निघाला, सरळ बी. थोरला पुण्यात कारखान्यात. रात्रीच्या एसटीने आला, डोळे तांबारलेले, हातात कार्ड: ओ पॉझिटिव्ह.

लेक्टिनचा थेंब टाकला. काही नाही.

बहिणीच्या सीरमशी क्रॉसमॅच लावला. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच ट्यूबमध्ये पेशी सुट्या, वाहत्या दिसल्या. रात्रपाळीचा मुलगा दिवसपाळीला येऊन थांबला होता केवळ हे बघायला.

“मी दोनदा रक्त दिलंय मॅडम, कंपनीच्या शिबिरात,” भाऊ म्हणाला. दोन पिशव्या ओ म्हणून कुणाला तरी गेल्या असणार. पेशींमुळे घेणाऱ्याचं बहुधा काही बिघडलं नसेल, पण मोहर चिल्लर म्हणून खपली. कुठल्या पेढीत गेल्या ते मी विचारलं नाही. रिव्हर्सला नुसत्या ए आणि बी पेशी लावल्या, ओ पेशींची ट्यूब वाचवली, की असं कुणाच्याही हातून सुटतं. आमच्याही पेढीत दोन वर्षांपूर्वी ती ट्यूब लावत नसत.

भावाचं रक्त सापडलं म्हणून लगेच चढवलं नाही, यावर घरचे थोडे चिडले. दोन कारणं. बाई बसून बोलत होत्या, धाप नव्हती, हातात तीन आठवडे होते. आणि सख्ख्या नात्यातलं रक्त हे लोकांना वाटतं तसं सर्वांत सुरक्षित नसतं. देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीराला ‘आपल्याच’ वाटून तग धरू शकतात आणि नंतर त्याच शरीरावर उठतात. क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून अशी पिशवी त्या पांढऱ्या पेशी निकामी करणारे किरण देऊनच वापरायची. ती सोय आमच्याकडे नाही. मोठ्या केंद्रात पिशवी शीतपेटीत घालून न्यायची, किरण देऊन परत आणायची, आणि किरण दिल्यावर तिचं आयुष्य कमी होतं. तेव्हा रक्त कधी काढायचं हे शस्त्रक्रियेच्या तारखेवरून उलटं मोजलं.

दरम्यान डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं. हिमोग्लोबिन 6.8 वरून तीन आठवड्यांत 8.9 वर आलं. भावाने सिझेरियनच्या सहा दिवस आधी रक्त दिलं. दुर्मिळ दात्यांच्या यादीतून आणखी एक जण तयार ठेवला होता. त्याला यावं लागलं नाही.

38व्या आठवड्यात सिझेरियन झालं. रक्तस्राव नेहमीएवढाच. संध्याकाळी हिमोग्लोबिन 7.4 आलं आणि नाडी जलद वाटली, म्हणून भावाची पिशवी सावकाश चढवली. पहिली पंधरा मिनिटं मी स्वतः खाटेशी उभी होते. ताप नाही, कंबरदुखी नाही, लघवीचा रंग नेहमीचा. मुलगा झाला, गट ओ, लेक्टिनला पॉझिटिव्ह. आईच्या अँटी-एचचा काही भाग वार ओलांडू शकतो म्हणून बाळाच्या काविळीवर लक्ष ठेवलं होतं. दोन दिवस निळ्या दिव्याखाली राहिलं, मग बरं.

डिस्चार्जच्या दिवशी सासूबाई थट्टेच्या सुरात म्हणाल्या, नवरी मामाच्या घरात तयारच आहे. थोरल्या भावाला तीन वर्षांची मुलगी. मी हसले, पण हिशेब डोक्यात झाला होता. मामा बॉम्बे, म्हणजे त्याची मुलगी नक्की वाहक. इथे आई बॉम्बे, म्हणजे बाळ नक्की वाहक. त्या लग्नातल्या प्रत्येक मुलाला चारात एक. तेवढं समुपदेशनाच्या कागदावर लिहून दिलं.

कार्ड बनवताना संगणकाने अडवलं. रक्तगटाच्या रकान्यात ए, बी, एबी, ओ एवढेच पर्याय, पाचवा टाकायची सोय नाही. शेवटी ‘ओ’ निवडून छापलं, आणि त्यावर लाल शाईने आडवं लिहिलं: बॉम्बे. ओ रक्त देऊ नये.

महिन्याभराने थोरल्या भावाचा फोन आला. कंपनीत पुन्हा शिबिर आहे, नाव देऊ का?

“नाही,” मी म्हटलं. “तुमचं रक्त आता तुमच्याच अंगात साठवायचं. लागलं की आम्ही फोन करू.”

“आणि मला लागलं तर?”

“बहिणीचं हिमोग्लोबिन वर यायला वर्ष जाईल. तोवर गाडी जरा हळू चालवा.”